मीटिंगचं गुऱ्हाळ: प्रश्न लिहिल्याशिवाय मीटिंग बोलवायची नाही, हा नियम चालेल का?

तिरकी_रेघ (धागाकर्ती)

मी प्रोजेक्ट सांभाळते. निम्मा दिवस मीटिंगमध्ये जातो. काही मी बोलावलेल्या, बऱ्याचशा मला बोलावलेल्या. "मीटिंगा बंदच करा" असं सांगणारे लेख ढिगाने वाचले, पण ते लिहिणाऱ्यांचं काम बहुधा एकट्याने होण्यासारखं असावं. चार विभागांचे पाय एकमेकांत अडकलेले असतील तर समोरासमोर बसावंच लागतं. त्यामुळे मीटिंग हवी की नको हा वाद इथे नको.

माझी तक्रार अशा इन्व्हाइटबद्दल आहे:

"विषय: नवीन पोर्टल – चर्चा. वेळ: १ तास. उपस्थित: ११."

बस्स, एवढंच. अकरा माणसांचा एकेक तास म्हणजे एका माणसाचा जवळजवळ दीड दिवस. कुणाला दीड दिवसाची रजा हवी असेल तर अर्ज करावा लागतो, वरिष्ठांची सही लागते. इथे कॅलेंडरवर एक चौकोन ओढला की काम झालं. आणि "चर्चा" हा विषय कधी संपतच नाही. तासभर बोलून झाल्यावर "चला, चांगली चर्चा झाली" म्हणत सगळे उठतात आणि पुढच्या आठवड्यात पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून माझ्या टीमपुरता एक नियम केला. विषयाच्या जागी प्रश्न लिहायचा, प्रश्नचिन्हासकट. वरचीच इन्व्हाइट नंतर अशी गेली:

"प्रश्न: पोर्टल ठरल्या तारखेला सगळ्या ग्राहकांना उघडायचं, की पहिला महिना फक्त जुन्या ग्राहकांना?
निर्णय कोण घेणार: प्रॉडक्ट हेड.
वाचून या: टेस्टिंगचा अहवाल (२ पानं), सपोर्ट टीमचं टिपण (अर्धं पान).
उपस्थित: ५. वेळ: २५ मिनिटं."

प्रश्न लिहिला की कुणाकडे त्याच्या उत्तराचा तुकडा आहे ते आपोआप दिसतं. अकराचे पाच तिथेच झाले. उरलेल्या सहा जणांना निर्णय मेलने कळला आणि एकालाही वाईट वाटलं नाही. दुसरा फायदा अनपेक्षित होता. काहींना प्रश्न लिहिताच येईना, कारण त्यांना विचारायचं काहीच नव्हतं, फक्त सांगायचं होतं. सांगण्यासाठी मेल आहे. तिसरं म्हणजे एकदोन प्रश्नांना लोकांनी मेलवरच उत्तरं देऊन टाकली. मीटिंग रद्द!

आता अडचण. दर सोमवारी आमचा साप्ताहिक रिव्ह्यू असतो. तो साहेब बोलावतात. त्याला ना प्रश्न, ना शेवट. नऊ जण पाळीपाळीने पाच-पाच मिनिटं आपापलं काम सांगतात. त्याचं काय करावं? आणि हा नियम टीमच्या बाहेर चालेल का? अनुभवी मंडळींनी लिहावं.

---

निमूट

"निर्णय कोण घेणार" ही ओळ मला प्रश्नापेक्षाही मोलाची वाटते. आमच्याकडे सगळं "सर्वानुमते" होतं. म्हणजे जो सगळ्यात शेवटी दमतो त्याचं खरं. एकाचं नाव आधीच लिहिलेलं असेल तर बाकीचे त्याला पटवण्यासाठी बोलतात, एकमेकांना हरवण्यासाठी नाही. न पटलेल्यानेही "मला पटलेलं नाही, हे नोंदवा, पण ठरलंय तसं करेन" असं म्हणून उठायचं. ही मुभा नसेल तर वाद मीटिंगनंतर जिन्यात चालू राहतो.

एक भर. प्रश्नांचा क्रमही महत्त्वाचा. पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५७ सालीच समित्यांची अशी टर उडवली आहे: एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर, आणि सायकली ठेवायच्या शेडचं छप्पर कशाचं करायचं यावर पाऊण तास खल. कारण उघड आहे. अणुभट्टी कुणालाच कळत नाही, छप्पर सगळ्यांना कळतं. आमच्याकडे लोगोच्या रंगावर जेवढी मतं येतात त्याच्या दशांश मतंही डेटाबेस बदलण्याच्या प्रस्तावावर येत नाहीत. तेव्हा सोपा, चघळण्यासारखा विषय यादीत शेवटी ठेवा आणि त्याला दहा मिनिटांच्या वर देऊ नका.

---

आयत्या_वेळचे_विषय

या धाग्यात माझ्या आयडीवर अन्याय होणार अशी चिन्हं दिसताहेत. आधीच निषेध नोंदवून ठेवतो.

---

फिरतीवर

मी विक्रीत आहे. मला हा नियम पटला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रश्न आधी माहीत असेल तरच लिहिता येतो. आमच्या साप्ताहिक मीटिंगमध्ये सगळ्यात कामाची गोष्ट अशी बाहेर येते: एक जण सहज म्हणतो, "या महिन्यात तिघा डीलरांनी माल परत पाठवला." दुसरा मान वर करतो, "अरे, माझ्याकडेही दोघांनी." आणि तिथे पहिल्यांदा कळतं की पॅकिंगमध्ये काहीतरी गडबड आहे. हे कुठल्या इन्व्हाइटमध्ये लिहिणार होतात? तिघांचं मेलमध्ये आलं असतं तर ते तीन वेगळे मेल झाले असते, तीन वेगळ्या लोकांनी वाचलेले.

दुसरं, आम्ही सगळे बाहेर फिरणारे. आठवड्यातून एकदा एकमेकांची तोंडं दिसतात. त्या वेळाचा हिशोब माणसी-तासात करायला लागलात तर उद्या कुणी कुणाला अडचण सांगायला फोनही करणार नाही. ओळख असली की अर्धं काम होतं, हे ऑफिसात बसणाऱ्यांना पटकन पटत नाही.

---

तिरकी_रेघ

@फिरतीवर, माल परत आल्याचं उदाहरण चपखल आहे, आणि त्याला माझ्या नियमात जागा नाही हेही खरं. पण त्या मीटिंगमध्ये ही गोष्ट किती मिनिटांत बाहेर आली आणि बाकीचा वेळ कशात गेला? आमच्याकडे नऊ जणांचं पाच-पाच मिनिटं पुराण होतं. म्हणजे प्रत्येक जण चाळीस मिनिटं दुसऱ्यांचं ऐकतो, खरं तर लॅपटॉपमध्ये मेल बघत बसतो. तुमच्या "अरे, माझ्याकडेही" साठी लागणारं लक्षच तिथे शिल्लक नसतं.

---

फिरतीवर

हे मात्र मान्य. आमच्याकडेही आकडे वाचण्यातच निम्मा वेळ जातो. शीट सगळ्यांकडे असते, तरी प्रत्येक जण ती मोठ्याने वाचतो.

---

इतिवृत्तकार

दोघांचं भांडण सुटण्यासारखं आहे. इंटेलच्या अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ मध्येच मीटिंगांच्या दोन जाती सांगितल्या होत्या. एक नेमाने होणारी, माहितीची देवाणघेवाण करायची. दुसरी खास एका निर्णयासाठी बोलावलेली. धागाकर्तीचा नियम दुसरीला तंतोतंत लागू पडतो. पहिलीला लावला तर ती मरते.

नेमाच्या मीटिंगला वेगळी शिस्त लागते. आकडे आदल्या संध्याकाळी एका शीटमध्ये भरायचे. मीटिंगमध्ये शीट कुणीही वाचून दाखवायची नाही. प्रत्येकाने दोनच गोष्टी बोलायच्या: अपेक्षेपेक्षा वेगळं काय घडलं, आणि कुठे अडलंय. ज्याच्याकडे दोन्ही नाहीत त्याने "काही नाही" म्हणायचं. हे दोन शब्द बोलण्याची लोकांना भयंकर लाज वाटते. काम केलं नाही असं दिसेल, ही भीती. साहेबांनी स्वतः पहिल्यांदा "माझ्याकडे या आठवड्यात काही नाही" म्हटलं की ती भीड मोडते.

आणि वाचायला दिलेलं लोक वाचून येत नाहीत, हे गृहीतच धरा. ॲमेझॉनने २००४ मध्ये वरिष्ठांच्या मीटिंगमधून पॉवरपॉइंट हद्दपार केलं आणि त्याजागी जास्तीत जास्त सहा पानांचं सलग टिपण आणलं. मीटिंगची सुरुवात सगळ्यांनी गप्प बसून ते वाचण्याने होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शाळेतल्या तासासारखं वाटलं होतं, पण दोन पानांसाठी पाच मिनिटं शांतता ठेवून बघा. "मी वाचलंय" अशी बतावणी करणाऱ्यांची सोय होते आणि खरोखर वाचून आलेल्यांना शिक्षा होत नाही.

---

बिनखुर्चीचा

खुर्च्या काढून टाका. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बसून केलेल्या मीटिंगा उभ्याने केलेल्यांपेक्षा ३४ टक्के जास्त चालल्या आणि निर्णयांचा दर्जा तेवढाच निघाला.

---

निमूट

@बिनखुर्चीचा, दहा-पंधरा मिनिटांच्या कामाला ठीक. गुडघे दुखणाऱ्यांचं काय? आणि एखाद्याला उभं राहणं शक्यच नसेल तर त्याच्याभोवती सगळे उभे, हे चित्र मला तरी बरं वाटत नाही.

---

अनुमोदक_नको

वेळ वाचवण्यावर बरंच आलं. पण मीटिंग वेळेत संपूनही साफ चुकीची ठरू शकते. त्यावर लिहितो, थोडं लांबेल.

२७ जानेवारी १९८६ ची संध्याकाळ. चॅलेंजर यान दुसऱ्या दिवशी सकाळी उडायचं होतं. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर आणि नासाचे अधिकारी टेलिफोनवरून मीटिंगला बसले. इंजिनिअरांचं म्हणणं स्पष्ट होतं: थंडीत सांध्यातली रबरी कडी कडक होते, ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली उड्डाण नको. नासाच्या अधिकाऱ्यांनी या शिफारशीवर उघड नाराजी दाखवली. मग कंपनीने पाच मिनिटं आपसात बोलायला मागितली. ती अर्धा तास चालली. तिथे एका वरिष्ठाने इंजिनिअरिंग प्रमुखाला सांगितलं की इंजिनिअरची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. शेवटी चार व्यवस्थापकांनी मिळून होकार ठरवला. आक्षेप घेणारे इंजिनिअर त्याच खोलीत होते, त्यांचं मत घेतलंच नाही. फोन पुन्हा जोडला गेल्यावर नासाकडून विचारणा झाली, कुणाची हरकत आहे का? सगळीकडे शांतता. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले.

आता या मीटिंगला धागाकर्तीची फूटपट्टी लावा. प्रश्न एका वाक्यात होता. तज्ज्ञ हजर होते. निर्णय झाला, तोही वेळेत. कागदावर आदर्श मीटिंग.

म्हणून "कुणाला काही म्हणायचंय का?" हा प्रश्न मी बादच समजतो. निर्णय बहुतेक ठरल्यावर, सगळे लॅपटॉप मिटत असताना विचारलेल्या या प्रश्नाला कोण हात वर करणार? त्याऐवजी नाव घेऊन विचारायचं: "तुम्ही ही चाचणी केली आहे. हे फसलं तर कशामुळे फसेल?" यात विरोध करावा लागत नाही, फक्त उत्तर द्यावं लागतं. गप्प बसणाऱ्यालाही तोंड उघडणं सोपं जातं.

आणि साहेबांनी शेवटी बोलायचं. हा आमच्याकडचा सगळ्यात अवघड नियम. साहेब सुरुवातीलाच "मला वाटतं आपण असं करावं, पण तुम्ही मोकळेपणाने बोला" म्हणाले की मोकळेपणा संपला. मग उरतो तो नुसता 'मम' म्हणण्याचा कार्यक्रम. १९६१ मध्ये क्युबावरच्या बे ऑफ पिग्ज मोहिमेत केनेडींचे सल्लागार हो ला हो करत गेले आणि तोंडघशी पडले. पुढच्याच वर्षी क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेच आला तेव्हा केनेडी काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत, लोकांना आपल्यासमोर दबून बोलावं लागू नये म्हणून. राष्ट्राध्यक्षाला जमलं ते आमच्या विभागप्रमुखांना जमू नये?

---

आयत्या_वेळचे_विषय

आमचे विभागप्रमुख मीटिंगला आले नाहीत तर आम्ही सगळे खूश असतो, पण ते वेगळ्या कारणाने.

गंमत बाजूला. वरचा प्रतिसाद दोनदा वाचला. "हे फसलं तर कशामुळे फसेल" हे उचलतो आहे.

---

निमूट

माझ्या आयडीवरून कळलंच असेल, मी मीटिंगमध्ये बोलत नाही. मुद्दे नसतात असं नाही, पण दोघंतिघं इतक्या वेगाने बोलतात की माझं वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. माझ्यासारख्यांसाठी एक उपाय खरंच चालतो: कल्पना हव्या असतील तर आधी पाच-सात मिनिटं प्रत्येकाने कागदावर लिहायच्या, मग वाचायच्या. याला आधारही आहे. १९५८ मध्ये येल विद्यापीठात चार-चार जणांचे गट घेऊन हा प्रयोग झाला होता. एकत्र बसून कल्पना सुचवणाऱ्या गटांपेक्षा एकेकटं बसून लिहिणाऱ्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्यावर जास्त भरल्या. नंतरच्या संशोधनात एक कारण पुढे आलं, ते अगदी साधं आहे. एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि थांबता थांबता सुचलेलं निसटतं.

---

नवी_रुजू

मी इथे वाचनमात्र असते, पण आता विचारते. हे सगळं मीटिंग बोलावणाऱ्यांसाठी झालं. माझी नोकरी नवीन आहे. इन्व्हाइट आली की 'येते' वर क्लिक करण्याखेरीज माझ्या हातात काय आहे? "तुमच्या मीटिंगला प्रश्नच नाही" असं सीनियरला सांगितलं तर माझं काही खरं नाही.

---

इतिवृत्तकार

@नवी_रुजू, नाही म्हणू नका, विचारा. "सर, मीटिंगसाठी माझ्याकडून काय तयार करून आणू?" बघा, किती आज्ञाधारक वाक्य आहे! पण त्याचं उत्तर देण्यासाठी समोरच्याला मीटिंग कशासाठी आहे याचा विचार करावाच लागतो. निम्म्या वेळा उत्तर येतं, "काही नाही, तुम्ही नाही आलात तरी चालेल." झालं काम.

दुसरं म्हणजे इतिवृत्त लिहायचं काम मागून घ्या. कुणालाच ते नको असतं, त्यामुळे लगेच मिळतं. आणि लिहिणाऱ्याला मध्येच थांबवून विचारायचा हक्क असतो: "एक मिनिट, मी काय लिहू?" या प्रश्नाची ताकद वापरल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडचा नेहमीचा प्रसंग:

"तर मग व्हेंडरशी बोलून घेऊ."
"हो हो, बोलायलाच हवं."
"ठीक, पुढचा मुद्दा."
"एक मिनिट, मी काय लिहू? कोण बोलणार?"
(शांतता.)
"खरेदी विभाग बोलेल ना."
"खरेदीतून कोण? आणि कधीपर्यंत?"
"मी बोलतो. गुरुवारपर्यंत."
"काय विचारणार?"
"डिलिव्हरी दोन हप्त्यांत देता येईल का ते."

ही तीन उत्तरं मिळाली नसती तर पुढच्या मीटिंगमध्ये "व्हेंडरशी बोलणं झालं का?" यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं असतं. "करून घेऊ", "बघून घेऊ" या क्रियापदांना कर्ता नसतो. माझ्या इतिवृत्तात ती मी येऊच देत नाही. अर्ध्या पानाच्या वर लिहायचं नाही: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. कोण काय म्हणालं याची जंत्री नको. आणि शेवटची पाच मिनिटं राखून ते तिथेच मोठ्याने वाचायचं. खरे मतभेद तेव्हा उघडे पडतात. "असं कुठे ठरलं?" हे वाक्य त्याच खोलीत आलेलं बरं, पंधरा दिवसांनी मेलवर येण्यापेक्षा.

---

सही_बाकी

इतिवृत्ताबद्दल एक काळी बाजू. मी पूर्वी जिथे होतो तिथे ते हत्यार म्हणून वापरायचे. कुणाचं काम राहिलं की तीन महिन्यांपूर्वीची फाइल काढून, वरपर्यंत सगळ्यांना मेलमध्ये जोडून, पिवळ्या रंगात ओळ ठळक. परिणाम काय, तर कुणीच तारीख कबूल करेना. "प्रयत्न करतो" एवढंच लिहून घ्या म्हणायचे. कागद कितीही चोख असला तरी तो कशासाठी वापरणार यावर लोक खरं बोलतात की नाही ते ठरतं.

---

इतिवृत्तकार

@सही_बाकी, मुद्दा बरोबर. म्हणून तारीख पुढे ढकलायची असेल तर आधी कळवून ढकलता यावी, विनाचौकशी. तारीख उलटून गेल्यावर मात्र विचारायचं. तरी तुम्ही म्हणता तसल्या ठिकाणी काहीच चालणार नाही, हेही खरं.

---

दूरस्थ

घरून काम करणाऱ्यांच्या वतीने एकच. सहा जण खोलीत आणि दोघं स्क्रीनवर, हा सगळ्यात वाईट प्रकार. खोलीतले आपसात हसतात, आम्हाला खुर्च्यांचा आवाज ऐकू येतो. एक जण जरी ऑनलाइन असेल तरी सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून या. आणि दोन कॉलच्या मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवा. गूगल कॅलेंडरमध्ये अर्ध्या तासाची मीटिंग आपोआप २५ मिनिटांची आणि तासाची ५० मिनिटांची करणारी सेटिंग आहेच.

---

तिरकी_रेघ

सगळ्यांचे आभार. @इतिवृत्तकार यांची दोन जातींची विभागणी मला सोयीची वाटते. सोमवारच्या रिव्ह्यूला प्रश्नाचा नियम लावायचा हट्ट सोडते. साहेबांना सुचवणार आहे की आकडे शीटमध्ये जातील, बोलायचं फक्त "काय वेगळं घडलं" आणि "कुठे अडलंय". साहेबांनी शेवटी बोलावं हे मात्र मी सुचवणार नाही, ते धाडस अनुमोदक_नको यांनी करावं. :)

एक शंका उरली. अशा नेमाच्या मीटिंगा सुरू सहज होतात, बंद कधीच होत नाहीत. कारण संपलं तरी चौकोन कॅलेंडरवर तसाच.

---

अनुमोदक_नको

शॉपिफाय या ऑनलाइन दुकानांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये दोनपेक्षा जास्त लोकांच्या सगळ्या नेमाच्या मीटिंगा कॅलेंडरवरून एकदम पुसून टाकल्या, सुमारे १२ हजार नोंदी. पुन्हा भरवायच्या आधी दोन आठवडे थांबायला सांगितलं होतं. एवढं धाडस सगळ्यांना झेपणार नाही. साधा उपाय हा की नेमाची मीटिंग कॅलेंडरवर टाकतानाच शेवटची तारीख घाला, तीन महिन्यांची. हवी असेल तर कुणीतरी ती हाताने पुन्हा टाकेल.

---

फिरतीवर

आमची टाकताना मी शेवटची तारीख घालणार नाही, आधीच सांगतो. पण शीट मोठ्याने वाचणं या आठवड्यापासून बंद. पाहू, "काही नाही" म्हणायला पहिला कोण धजावतो ते.